बाप्पांचा पातळ कारभार

धाराशिव जिल्ह्यातलं जेवण दात असलेल्या माणसांनी दात असलेल्या माणसांसाठी घडवलेलं आहे. तव्यावरून काढून जाळाला उभी केलेली ज्वारीची भाकरी, उखळात कुटलेली शेंगदाण्याची चटणी, रानात बसून फोडलेल्या भाजक्या शेंगा, हुरडा, ऊस. यातल्या एकाही पदार्थानं म्हातारपणाचा विचार केलेला नाही. ज्वारीसुद्धा साधीसुधी नव्हे, मालदांडी. मोहोळच्या संशोधन केंद्रात 1930 च्या दशकात निवडून काढलेलं एम 35-1 हे वाण. त्यानंतर किती संकरित वाणं आली आणि पुरता कडबाही न देता निघून गेली; मालदांडी आपली काळ्या रानात ठाण मांडून बसली आहे.

मटणाचंही तेच. 2023 साली जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, पण शेळी अजून उस्मानाबादीच आहे. काळी कुळकुळीत, जुळी करडं देणारी, दुष्काळात तग धरणारी. दुष्काळात तग धरलेलं जनावर ताटात आल्यावरही लगेच शरण येत नाही. तिथं दाढा लागतात.

अशा मुलखात माणसाची पत दातांवर ठरते. म्हातारा अजून खणखणीत आहे हे सांगायचं तर कोणी सातबारा दाखवत नाही. "अजून ऊस दातानं सोलतो," एवढं सांगितलं की समोरचा गप्प बसतो. आणि ज्या दिवशी तो ऊस कोयत्यानं सोलून मागतो, त्या दिवशी गाव त्याच्याकडे बघून मान हलवायला लागतं.

आमचे बाप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचे दात हलायला लागले त्याच सुमारास त्यांनी गळ्यात माळ घातली. माळ घातली म्हणून मटण सुटलं, की मटण चावेना म्हणून माळ घातली, यावर गावात पारावर दोन तट आहेत. बाप्पा दोन्ही तटांना "रामकृष्ण हरी" म्हणून पुढं जातात.

तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी थापटली आणि कोणतं मडकं पक्कं, कोणतं कच्चं ते सांगितलं, अशी कथा आहे. दाताच्या डॉक्टरीणबाईंनी बारीकशा दांड्यानं बाप्पांच्या दातांवर तशीच टकटक केली, आणि सगळीच मडकी कच्ची निघाली. एकेक करत काढता काढता शेवटी एकच राहिला. आमच्या भागात वडिलांना बाप्पा म्हणायची रीत आहेच. ते काही महिने बाप्पा सगळ्या अर्थांनी बाप्पा होते. मग तोही गेला.

पुढं कवळी आली. वरची कवळी टाळूला धरून बसते, त्यामुळं ती कायम नोकरीतल्या माणसासारखी निवांत असते. खालच्या कवळीला धरायला जागा थोडी, त्यात जिभेची सारखी ये-जा, ती कंत्राटी. बोलता बोलता कधी सेवामुक्त होईल सांगता येत नाही. शिवाय पूर्ण कवळीनं चावायला जोर येतो तो खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढा. मालदांडीपुढं तो कुठं पुरणार?

महात्मा गांधी कवळी फक्त जेवताना लावत आणि एरवी काढून ठेवत, असं त्यांना जवळून पाहिलेल्यांनी लिहून ठेवलं आहे. बाप्पांचा मार्ग बरोबर उलटा. ते जेवताना कवळी काढतात आणि जेवण झालं की लावतात. लग्न, मतदान आणि बँकेतला हयातीचा दाखला ही कवळीची ठरलेली ठिकाणं. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, म्हणतात. बाप्पांनी त्यातला दुसरा भागच रद्द करून टाकला.

2017 साली केंद्र सरकारनं गरीब वृद्धांसाठी राष्ट्रीय वयोश्री योजना आणली. तिच्या यादीत काठी, वॉकर, चष्मा, कानाचं यंत्र यांच्या रांगेत कृत्रिम दातही आहेत. ही यादी मी मोठ्यानं वाचून दाखवली तेव्हा बाप्पा म्हणाले, "डोळे नवे, कान नवे, दात नवे, पायाला काठी नवी. एवढं सगळं बदलायलेत तर आतला माणूस कशाला जुना ठेवलाय?"

हिरड्या सोलवटल्या तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कवळी तूर्त बाजूला ठेवायला सांगितली आणि जाता जाता म्हणाल्या, "पातळ द्या." आजवर आमच्या घराण्यात कुठल्याच गोष्टीवर एकमत झालेलं नाही. जमिनीच्या वाटणीवर नाही, बोअर कुठं पाडायचा यावर नाही. "पातळ द्या" यावर मात्र झालं. वाद पुढं सुरू झाला, पातळ म्हणजे काय यावर.

पहिला पक्ष डब्याचा. त्याच्या पुढारी माझ्या पुण्याच्या ताई. त्या एसटीतून उतरल्या त्या भला मोठा डबा काखेत मारूनच. आतली पावडर, आतला चमचा, किती पाण्यात किती चमचे याचं कोष्टक, आणि व्हॅनिलाचा वास. बाप्पांनी पेला नाकाशी नेला आणि विचारलं, "बाई, हे प्यायचंय का अंगाला लावायचंय?"

दुसरा पक्ष फळांच्या रसाचा. मोसंबी, डाळिंब, सफरचंद. या पक्षाचे लोक रस काढतात, गाळतात, चोथा म्हशीला घालतात आणि राहिलेलं गोड पाणी म्हाताऱ्याला देतात. पोटाला लागणारा चोथा म्हशीच्या वाट्याला आणि साखर बाप्पांच्या. म्हैस महिनाभरात चांगली तुकतुकीत दिसायला लागली.

तिसरा पक्ष सगळ्यात जुना आणि बहुमतातला, वरणाच्या पाण्याचा. आजारी माणूस, बाळंतीण, रांगतं लेकरू आणि बोळकं झालेला म्हातारा या सगळ्यांना आपल्याकडं वरणाचं पाणी देतात. डाळ शिजते, तळाशी बसते, आणि आपण मोठ्या मायेनं वरचं पाणी काढून देतो. प्रथिनं तळाशी डाळीतच राहतात आणि ती घरातले धडधाकट लोक भातावर घेऊन खातात. माया वर तरंगते, डाळ खाली बसते.

हे मला कळलं ते हिशेब मांडल्यावर. म्हाताऱ्या माणसाला वजनाच्या किलोमागं दिवसाला साधारण एक ग्रॅम प्रथिनं लागतात, असं आहारतज्ज्ञ सांगतात. बाप्पा पन्नास किलोचे, म्हणजे पन्नास ग्रॅम. पाव लिटर दुधात आठेक ग्रॅम. अंड्यात सहा, पण गळ्यात माळ असल्यामुळं अंड्याला आमच्या दारात बंदी. नुसत्या दुधावर भागवायचं तर दिवसाला सहा पेले. बाप्पांनी हिशेब शांतपणे ऐकला. "सहा पेले दूध द्यायला मला कशाला उठवता-बसवता? म्हशीशेजारी दावं लावा मला. जवळ पडंल."

मग मिक्सर आला. आला म्हणजे घरात होताच, सत्तेवर आला. भाकरी, वांग्याची भाजी, वरण, थोडं दूध, वरून तूप, झाकण, आणि घर्रर्र. निघालेल्या पदार्थाला रंग होता, पण त्या रंगाला मराठीत काय म्हणतात ते कोणालाच सांगता येईना. निवडणुकीआधी वेगवेगळ्या पक्षांत असलेली मंडळी निकालानंतर एकाच मांडवात बसलेली दिसतात, तसं वांगं, वरण आणि भाकरी त्या पेल्यात बसली होती. कोण कुठून आलं ओळखू येत नव्हतं.

ताटाला डावी-उजवी बाजू असते. डावीकडं मीठ, चटणी, लिंबू. उजवीकडं भाजी, आमटी. माणूस आधी कशाला हात घालतो, चटणी कितीदा बोटाला लावतो, आमटीची वाटी ताटातच ठेवतो की बाहेर काढतो, यावरून बायका त्याचा स्वभाव सांगतात. पेल्याला डावं-उजवं नसतं. आत काय आवडलं आणि काय नाही, हे सांगायची सोयच राहत नाही. अन्नाला नावं ठेवता आली नाहीत तर आमच्याकडच्या पुरुषाला जेवल्यासारखं वाटत नाही. बाप्पांनी दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला आणि सुनेला विचारलं, "सूनबाई, आंबोण का गं हे? म्हशीचं चुकून माझ्याकडं आलं का?"

तेवढ्यात पुण्याहून ताईंची मुलगी आली. ती बोलण्याच्या आणि गिळण्याच्या अडचणींवरच्या उपचारांचं शिक्षण घेते. तिनं सांगितलं की जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून अन्न किती पातळ आणि किती घट्ट हे मोजायची एक पट्टी केलेली आहे. नाव आयडीडीएसआय. शून्य ते सात अशा पायऱ्या. मोजायला 10 मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यायची, तोंडावर बोट ठेवून भरायची, बोट काढायचं आणि 10 सेकंदांनी किती उरलं ते बघायचं. एक मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर पायरी शून्य, म्हणजे पाणीच. चारपर्यंत उरलं तर एक, आठपर्यंत दोन, आठच्या वर पण गळतंय तर तीन. अजिबात गळलं नाही तर चार.

बाप्पांची थोरली बहीण, आक्का, चुलीपुढं बसून हे सगळं बघत होती. सिरिंज म्हणजे जनावराच्या डॉक्टरचं काम अशी तिची समजूत. भाची मिक्सरमधल्या त्या पदार्थानं सिरिंज भरत होती तोवर आक्कानं त्यात पळी बुडवली, वर उचलली, धार बघितली आणि म्हणाली, "हे माडग्याएवढं हाय." भाचीनं 10 सेकंद मोजले. पायरी तीन. मग आक्कानं घरात होतं तेवढं सगळं पळीनं मोजून दाखवलं. पाणचट ताक शून्य. वरणाचं पाणी एक. ताकातली आंबील दोन. हुलग्याचं माडगं तीन. चांगलं घोटलेलं पिठलं चार. पाचव्या पायरीवरच्या पदार्थात मोठ्या माणसासाठी चार मिलिमीटरपेक्षा मोठा कण चालत नाही, हे भाचीनं वहीतून वाचून दाखवलं. आक्का म्हणाली, "म्हंजी आमटीत चुरलेली भाकरी." सहा म्हणजे गुरगुट्या शिजलेलं वांगं. सात म्हणजे तुम्ही-आम्ही खातो ते. भाचीनं हे सगळं वहीत लिहून घेतलं. आक्काला एक अडचण राहिली. ज्यासाठी पळी पुरते त्याला सिरिंज कशाला आणली?

भाचीनं एक गोष्ट मात्र अशी सांगितली, की आक्कासुद्धा गप्प झाली. चावता न येणं वेगळं आणि गिळता न येणं वेगळं. ज्याला पाणी पितानाही ठसका लागतो, जेवता जेवता ज्याचा आवाज घोगरा होतो, त्याला पातळ देणं धोक्याचं. पातळ वस्तू धावत जाते आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरते. अशा माणसाला उलट थोडं दाट लागतं, आणि किती दाट ते डॉक्टरांनी ठरवायचं. ताठ बसवून, लहान घोट, मध्ये घाई नाही. झोपलेल्याच्या तोंडात चमचा घालायचा नाही. बाप्पांचं गिळणं तपासून झालं. अपमान सोडून ते सगळं व्यवस्थित गिळतात, असा निकाल आला.

म्हणजे अडचण चावण्यापुरतीच होती, आणि ती पावडरीच्या डब्यानं, रसानं किंवा मिक्सरनं सुटत नव्हती. बाप्पांचं वजन उतरत होतं आणि तोंड वाकडं होत होतं. फक्त संध्याकाळी त्यांचा चेहरा उजळायचा. संध्याकाळी ते पान खायचे.

दात नसताना पान? आमच्याकडं ज्याला दात नाहीत त्याच्याकडं खलबत्ता असतो. बाप्पांचा लोखंडी, मुठीत मावेल एवढा. त्यात पान चुरडायचं, चुना, कात, अडकित्त्यानं कातरलेली सुपारी टाकायची आणि ओसरीवर बसून कुटायचं. टुक, टुक, टुक. कुटून झालं की बोटानं चाटून बघायचं, चुना जास्त झाला म्हणून स्वतःलाच शिवी द्यायची, आणि मग गालात धरायचं. हे काम त्यांनी कधी कोणाला करू दिलं नाही. नातवानं हौसेनं कुटून दिलेलं पान त्यांनी तसंच परत दिलं. "तुझ्या तोंडचं पान मला कशाला?"

हे वाक्य माझ्या बायकोनं ऐकलं आणि मिक्सर माळ्यावर गेला. सगळे बाप्पांना काय द्यायचं याचा विचार करत होते. बारीक कोणी करायचं हा प्रश्नच कोणी विचारला नव्हता. पानाचा चुरा त्यांना चालत होता, कारण तो त्यांनी स्वतः केलेला होता. दुसऱ्यानं बारीक करून दिलं की औषध होतं. आपण बारीक केलं की जेवण.

दुसऱ्या दिवसापासून बाप्पांसमोर पुन्हा ताट आलं. ताटात अख्खी भाकरी, तव्यावरची, मऊ. खोलगट वाटीत येसराची आमटी. डाळी, धान्य आणि मसाले भाजून दळलेलं हे येसर आमच्या घराघरात डबा भरून असतं. अचानक पाहुणा आला की त्याची आमटी दहा मिनिटांत होते, आणि पाहुणा जात नसेल तर तीच दुसऱ्या दिवशी वाढवता येते. बाप्पांनी भाकरी मोडली, आमटीत चुरली, चार बोटांनी दाबली, अंगठ्यानं ढकलली, परत चुरली. हे काम अर्धा तास चालतं. तेवढ्या वेळात त्यांना आमटीला मीठ कमी आहे, भाकरी जाड झाली आहे आणि यंदाची तूर बरोबर शिजत नाही, एवढं सगळं सांगता येतं. आक्कानं लांबून बघून पाचवी पायरी जाहीर केली.

मग आमच्याच रानातले पदार्थ एकेक करून परत आले. ज्वारी भरडून शिजवलेल्या कण्या, त्यावर ताक, लसणाची फोडणी. हुलगे भाजून दळलेल्या पिठाचं माडगं, गुळाचं, सुंठ घातलेलं, वर दूध. मुगाचं कढण, आणि त्यात डाळ तळाशी न ठेवता सगळीच घोटलेली. शेंगदाण्याचं कूट चाळणीतून काढून कढीत. एका वेळी पोटभर पातळ गेलं की पोट लगेच डब्ब होतं आणि ताकद काही येत नाही, म्हणून थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा. बाप्पा आता दर दोन-अडीच तासांनी जेवायला बसतात आणि घरात कोणीच त्यांच्याइतकं बिझी नसतं.

एकादशीला तर त्यांची चंगळ असते. एरवी भाकरीवर वाढलेलं घर त्या दिवशी भगर आणि दाण्याची आमटी खातं. चावायचं काहीच नाही. अख्खं घर बाप्पांच्या पायरीवर येऊन बसतं, आणि बाप्पा त्याला भक्ती म्हणतात. पेढ्याचाही प्रश्न आला नाही. कुंथलगिरीचा खवा भौगोलिक मानांकन मिळवून बसला आहे. त्याचा पेढा जिभेवर ठेवला की आपला आपण विरघळतो. त्याला दात लागत नाहीत, फक्त साखरेचा रिपोर्ट चांगला लागतो. रिपोर्ट तसा नसतो, तेव्हा बाप्पा अर्धा पेढा घेतात आणि अर्धा पेढा किती मोठा असावा यावर सुनेशी वाटाघाटी करतात. तुळजापूरला भवानीमातेला पंचामृताचा अभिषेक होतो, एवढा एकच मुद्दा ते मांडतात. "देवीला पातळ चालतं, गोडबी चालतं. मग मी काय देवीहून मोठा लागून गेलोय?"

आणि मग येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या धाराशिव-लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव मांडायचे, पूजा करायची आणि ज्वारीच्या उभ्या पिकात बसून जेवायचं. बेसनात शिजवलेली भज्जी, त्यात वाल, वाटाणा, तूर, हरभरा, सापडेल ती भाजी. उंडे, धपाटे, गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदग्यात ताकातली गार आंबील, जिच्यासाठी पुण्या-मुंबईची माणसं रजा टाकून येतात.

बाप्पांना मोटारसायकलवर मध्ये बसवून रानात नेलं. ते बरोबर बिंदग्याशेजारी बसले. सगळ्या पंगतीत त्या दिवशी कोणी धपाटा मागेना. बत्तीस दातांची मंडळी पेल्यावर पेला आंबील रिचवत होती. पुण्याचे जावई तर ताटाकडं बघतही नव्हते. बाप्पा सगळ्यांना आपल्या हातानं आंबील वाढत होते, कोणाचा कितवा पेला ते मोठ्यानं सांगत होते. डॉक्टरांनी लिहून दिलेला आहार अख्खी भावकी हट्टानं मागून पीत आहे, हे बघून त्यांची छाती फुगली होती.

मग त्यांनी स्वतःचा पेला भरला. एक घोट घेतला. कपाळाला आठी पडली.

"पातळ झालीय आंबील."

आक्काचा हात भज्जीच्या पातेल्यातच थांबला. आंबील तिनं केली होती. "आरं, डागदरनी तुला पातळच खायला सांगितलंय की!"

"मला सांगितलंय," बाप्पा म्हणाले. "आंबिलीला न्हाई."